कालबाह्य संगणकप्रणाली का टिकून राहतात? मराठी कार्यालयीन लेखनाचा ऐतिहासिक वेध : मोडी ते युनिकोड

प्रस्तावना

नवीन पनवेलमधील खांदा कॉलनी ही सिडकोच्या नियोजनातून उभी राहिलेली वसाहत आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. त्यामुळे या वसाहतीच्या कागदपत्रांचा सारा इतिहास टंकलेखन यंत्र आणि संगणक यांच्याच काळातील आहे. लगतच्या जुन्या पनवेल शहराची नगरपालिका मात्र १८५२ सालची. त्या काळी मराठी दफ्तर मोडी लिपीत लिहिले जात असे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि जुने शहर, खांदा कॉलनीसारख्या सिडको वसाहती व भोवतालची काही गावे एका प्रशासनाखाली आली. या छोट्याशा प्रदेशात मोडीतील लेखणी, टंकलेखन यंत्र आणि संगणक अशा कार्यालयीन लेखनाच्या तीन पिढ्या शेजारीशेजारी नांदल्या आहेत.

यांपैकी तिसऱ्या पिढीतच आणखी एक फूट आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. एकाच खोलीतील दोन संगणकांपैकी एकावर युनिकोडमध्ये मराठी लिहिले जाते, तर दुसऱ्यावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा फॉन्ट आणि त्याच काळातील पानजुळणीची आज्ञावली चालू असते. नवी प्रणाली उपलब्ध असते, बहुधा विनामूल्यही असते. तरीही जुनी सुटत नाही. याचे प्रचलित स्पष्टीकरण म्हणजे कर्मचाऱ्यांचा आळस किंवा बदलाविषयीची अनास्था. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ते उतरत नाही. जुनी प्रणाली टिकते ती प्रामुख्याने बदलाची किंमत एकाला मोजावी लागते आणि लाभ दुसऱ्याच्या पदरात पडतो म्हणून. प्रस्तुत लेखात मराठी कार्यालयीन लेखनाच्या आधारे या विधानाचा विचार केला आहे.

मोडीचा दाखला

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ साली प्रशासनासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी वापरण्याचा निर्णय घेतला. आदेश स्पष्ट होता आणि त्यामागील कारणेही सबळ होती. छापखान्याला बाळबोध सोयीची होती, शाळेत शिकलेल्या सर्वांना ती वाचता येत होती आणि इलाख्याच्या इतर भागांशी एकरूपता साधणे तीमुळे सोपे होणार होते. तरीही मोडी पुढे काही दशके शाळांतून शिकवली जात राहिली आणि १९४० च्या दशकापर्यंत व्यवहारात सर्रास वापरात होती.

याचे कारण कारकुनाच्या हातात होते. मोडी लिहिताना लेखणी फारशी उचलावी लागत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळावा लागत नाही. दिवसाकाठी पानेच्या पाने लिहिणाऱ्या माणसाला या सवलतीचे मोल काय होते, ते वेगळे सांगायला नको. बाळबोधीचा लाभ वाचणाऱ्याला होता, तर मोडीचा लाभ लिहिणाऱ्याला. आदेश काढणारा वाचणाऱ्यांच्या बाजूचा होता. काम मात्र लिहिणाऱ्याकडून होत होते. शिवाय मागील सर्व दप्तर मोडीत असल्याने जुन्या नोंदीचा संदर्भ देत नवी नोंद करणाऱ्याला मोडी सोडून चालणारच नव्हते. हात आणि दप्तर ही दोन बंधने पुढील प्रत्येक टप्प्यावर पुन्हा भेटतात.

टंकलेखन यंत्र आणि बोटांची स्मृती

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासनव्यवहारात मराठीचा वापर वाढला आणि मराठी टंकलेखकांची गरजही वाढली. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले होते. देवनागरीची जोडाक्षरे यंत्राच्या मर्यादित कळांमध्ये बसवण्यासाठी एक युक्ती योजली गेली. अर्ध्या अक्षराची एक कळ आणि काना म्हणजे उभ्या दंडाची दुसरी, अशा दोन ठोक्यांतून पूर्ण अक्षर तयार होई. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने अक्षरानंतर येत असली, तरी कागदावर ती डावीकडे दिसते. म्हणून यंत्रावर ती आधी उमटवावी लागे. थोडक्यात, टंकलेखक मराठी शब्द लिहीत नसे. तो मराठी शब्दाचे चित्र तुकड्यातुकड्यांनी जुळवत असे.

हे कौशल्य सोपे नव्हते. गावोगावच्या टंकलेखन संस्थांतून सहा-सहा महिने सराव करून, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा देऊन ते मिळवावे लागे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग ही अर्हता ठरली. हजारो कुटुंबांत सरकारी नोकरीचा दरवाजा या एका प्रमाणपत्राने उघडला. कळांची जागा बोटांना पाठ होणे हे त्यामुळे केवळ तांत्रिक कौशल्य राहिले नाही; ती त्या माणसाची मिळकत होती.

पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रीय इतिहासकाराने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात इंग्रजी कळफलकाच्या उदाहरणावरून पथावलंबित्वाची कल्पना मांडली. १८७० च्या दशकात रूढ झालेली कळांची रचना, १९३६ साली ऑगस्ट डव्होरॅकने पर्यायी रचनेचे एकस्व मिळवल्यानंतरही टिकून राहिली, कारण यंत्रे, प्रशिक्षण आणि माणसे एकमेकांत गुंतलेली होती. लिबोविट्झ व मार्गोलिस यांनी १९९० मध्ये या मांडणीवर आक्षेप घेतला. नवी रचना खरोखर श्रेष्ठ होती याचा पुरावा कच्चा आहे आणि बदलाचा खर्च हिशेबात धरला तर जुन्याला चिकटून राहणे शहाणपणाचेही असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. या वादाचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही पक्षांनी एक प्रश्न मागे ठेवला असे वाटते : हिशेब कोणाचा? संस्थेचा हिशेब आणि टंकलेखकाचा हिशेब हे एकच नसतात.

गोदरेजने २००९ साली टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबवले. यंत्र गेले, तरी त्याचा कळफलक संगणकात शिरून बसला होता.

फॉन्टचे युग

भारतीय भाषांसाठी संगणकीय प्रमाण ठरवण्याचे काम तसे उशिरा झाले नाही. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅक या संस्थेत आले. ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आय.एस. १३१९४ म्हणून स्वीकारली. ‘इन्स्क्रिप्ट’ हा उच्चारक्रमावर आधारित कळफलकही याच मानकाचा भाग होता. युनिकोडची पहिली आवृत्तीदेखील १९९१ सालचीच आणि तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला होता. कागदोपत्री पाहता १९९१ साली प्रश्न सुटायला हवा होता.

तो सुटला नाही, कारण त्या काळच्या संगणकांना देवनागरी दाखवण्याचे तंत्र उमगत नव्हते. त्यांना कळत होती ती २५६ चिन्हांची कोष्टके. तेव्हा भारतीय उद्योजकांनी व्यवहार्य तोडगा काढला : रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळूरची ‘आकृती’, सीडॅकचे ‘आयएसएम’ आणि त्यातील ‘योगेश’, ‘सुरेख’ हे फॉन्ट, तसेच उत्तरेकडून आलेला ‘कृतिदेव’ या सर्वांमागील तत्त्व साधारण हेच होते. प्रत्येकाचे कोष्टक मात्र वेगळे. यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अगम्य चिन्हांचा ढीग समोर येई.

कृतिदेवचे उदाहरण बोलके आहे. त्यात ‘भारत’ हा शब्द टंकित केला तर संगणकाच्या स्मृतीत साठतात ती एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे. पहिल्या दोन मिळून ‘भ’ होतो : अर्धा भ आणि उभा दंड. पुढचा के म्हणजे काना. मग र आणि त. हे टंकलेखन यंत्राचेच तंत्र होय. ऱ्हस्व वेलांटी एफ या कळीवर असून ती येथेही अक्षराच्या आधीच टंकावी लागते. परिणामी विद्यार्थ्यांची यादी वर्णानुक्रमे लावण्याची आज्ञा संगणकाला दिली, तर किरण, विजय आणि निलेश एकत्र गोळा होतात, कारण संगणकाच्या दृष्टीने तिन्ही नावे एफनेच सुरू झालेली असतात.

प्रमाणप्रणालीच्या दृष्टीने ही सरळसरळ फसवणूक होती. परंतु टंकलेखकाच्या दृष्टीने ती कृपाच ठरली. त्याची बोटे जशी यंत्रावर चालत होती तशीच संगणकावर चालू लागली. वर्षानुवर्षांचे शिक्षण वाया गेले नाही. संगणकीकरणाच्या पहिल्या लाटेत मराठी कार्यालये फारशी कुरकुर न करता संगणकाकडे वळली, याचे मोठे श्रेय या ‘चुकीच्या’ फॉन्टना द्यावे लागेल. ‘इन्स्क्रिप्ट’ तर्कशुद्ध होता. पण तो नव्याने शिकावा लागत होता आणि शिकण्याच्या काळात मंदावलेल्या वेगाची जबाबदारी कोणी घेत नव्हते.

युनिकोड आल्यानंतर

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची खरी सोय झाली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षररचनाकाराने तयार केलेला होता. पण सोय झाली आणि वापर झाला यांतील अंतर मोठे होते. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी चालू करण्यासाठी मूळ सीडी घालून एक वेगळा घटक बसवावा लागे. ती सीडी कार्यालयात असेलच याची खात्री नव्हती. ही अडचण २००७ साली सर्वत्र उपलब्ध झालेल्या विस्टापासून दूर झाली. मराठीसाठी आवश्यक असलेल्या ॲ या वर्णाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. मराठी वळणाचे ल आणि श दाखवणारे युनिकोड फॉन्ट सुरुवातीला विरळाच होते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले. तोवर युनिकोडमधील पान अनेकांना हिंदी छपाईचे वाटे. हा आक्षेप वरवरचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. अक्षराचे वळण हा भाषेच्या ओळखीचा भाग असतो आणि शेकडो सुबक फॉन्ट हाताशी असलेला मुद्रक एका फॉन्टवर समाधान मानेल ही अपेक्षाच अवास्तव होती.

मुद्रकाची खरी अडचण तर आणखी खोल होती. पानजुळणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी पेजमेकर ही आज्ञावली २००१ साली आलेल्या ७.० या आवृत्तीवर येऊन थांबली. तिला युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये मराठीची रीतसर सोय २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून झाली. म्हणजे दशकभर असे होते की लेखकाने युनिकोडमध्ये लेख दिला, तर छापखान्याला तो पुन्हा टंकावा लागे किंवा परिवर्तकातून काढून दुरुस्त करावा लागे. म्हणूनच लेख अमुक फॉन्टमध्ये, अमुक आकारात आणि सीडीसह पाठवावा अशी अट मराठी संशोधनपत्रिका घालत. ज्ञानव्यवहाराच्या अग्रभागी असल्याचे मानणारी महाविद्यालयेही या साखळीची एक कडीच होती.

या साखळीला कुलूपही होते आणि तेही शब्दशः. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या अधिकृत प्रतीसोबत संगणकाच्या मागे खोचण्याचे एक लहानसे उपकरण येई. ते नसेल तर आज्ञावली चालत नसे. जुनी उपकरणे प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसत. पुढे नव्या संगणकांतून ते पोर्टच नाहीसे झाले. मग पैसे मोजून घेतलेली प्रणाली चालू ठेवण्यासाठी जुना संगणक सांभाळणे क्रमप्राप्त झाले. कोपऱ्यातील धूळ खाणारा, पण कोणीही हलवू न देणारा तो संगणक अनेक शिक्षकांनी आपल्या कार्यालयात पाहिला असेल.

बदलाची आणि न बदलण्याची किंमत

युनिकोडमुळे कोणाचा लाभ झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. शासन निर्णय संकेतस्थळावर शोधणारा नागरिक, दूर अंतरावरून ई-मेल वाचणारा वरिष्ठ अधिकारी, संगणकाकडून मजकूर वाचून घेणारा दृष्टिहीन वाचक आणि पुढे येणारा संशोधक हे सर्व लाभार्थी कार्यालयाबाहेरचे आहेत. टंकलेखकाच्या वाट्याला आला तो घटलेला वेग. युनिकोडवर जुन्या यंत्राचा कळफलक चालवण्याची सोयही झाली खरी. पण ती आहे हे सांगणारे प्रशिक्षण क्वचितच पोहोचले. आदेश परिपत्रकाने निघतो, सरावासाठी लागणारे तास मात्र कोणत्याही परिपत्रकात नसतात.

घाईने केलेल्या बदलाची किंमत मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना नव्याने सांगायची गरज नाही. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या तोंडावर उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याचा निर्णय झाला. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख होत्या. निकाल अनेक महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडचणीत आले आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पडद्यावरील मूल्यांकनाची कल्पना मुळात चुकीची नव्हती. परंतु अशा अनुभवानंतर एखाद्या कार्यालयीन अधीक्षकाने ‘चालते आहे ते चालू द्या’ असे म्हटले, तर त्याला प्रतिगामी ठरवणे अन्यायाचे होईल.

उलट बाजूचा धडाही त्याच वर्षी आणि पनवेलच्या अगदी जवळ मिळाला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाचे संगणक निकामी केले आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे टर्मिनल विस्कळीत झाले. तिने प्रसारासाठी वापरलेल्या विंडोजमधील एका त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती दिली होती. ज्या संगणकांवर ती बसवलेली नव्हती, त्यांनी तिला वाट करून दिली. मात्र या घटनेचा अर्थ इतका सरळ नाही. हा हल्ला मुळात शिरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्ययावत आवृत्तीतून. तत्परतेने अद्ययावत होणारेच प्रथम सापडले! जुने ते धोक्याचे आणि नवे ते सुरक्षित, अशी विभागणी येथे टिकत नाही.

दप्तराचे काय?

आळसाचा आरोप बाजूला ठेवला तरी एक गंभीर प्रश्न उरतो आणि तो इतिहासाच्या अभ्यासकांचा आहे. साधारण १९९० ते २०१० या काळातील मराठी संगणकीय लेखनाचा फार मोठा भाग अशा फॉन्टमध्ये अडकलेला आहे. सभांची इतिवृत्ते, शोधप्रबंध, स्मरणिका, पत्रव्यवहार, याद्या असे कितीतरी. सिडको वसाहती वसल्या, वाढल्या, तेथे संस्था निघाल्या तो हाच काळ. छापील प्रत शिल्लक असेल तेथे चिंता नाही. जेथे केवळ संगणकीय प्रत आहे, तेथे फॉन्ट हरवला की मजकूर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो आणि कचरा म्हणून तो पुसलाही जातो.

मोडीचा अनुभव येथे पुन्हा उपयोगी पडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी निकड भासली. १९१७ साली निरोप दिलेल्या लिपीतील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहिला. मोडी वाचणारे थोडे होते, पण होते. आणि कागदावरची अक्षरे निदान डोळ्यांना दिसत तरी होती.

फॉन्टमधील मजकूर तांत्रिकदृष्ट्या मोडीहून सोपा आहे. कोष्टक ठाऊक असेल तर संगणक तो क्षणार्धात युनिकोडमध्ये बदलतो. तरीही परिवर्तकांतून निघालेला मजकूर जसाच्या तसा विश्वासार्ह मानता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराआधी, तर युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात नंतर, तर युनिकोडमध्ये आधी. शब्दात जोडाक्षर आले की ही अदलाबदल चुकते. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतील मराठीचा खास अर्धा र तर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या परिवर्तकांना हमखास चकवतो. व्यक्तिनामे आणि ग्रामनामे यांत अशी एक चूकही नोंद शोधता न येण्यास पुरेशी असते. म्हणून मूळ संचिका, ती ज्या फॉन्टमध्ये आहे त्याचे नाव, त्या फॉन्टची प्रत आणि परिवर्तित मजकूर ही चारही एकत्र जतन करावी लागतील. हे काम करू शकणारी माणसे आजही कार्यालयांत आहेत. बहुतेक ठिकाणी ती तीच आहेत, ज्यांनी जुना कळफलक सोडला नाही म्हणून ज्यांना नावे ठेवली गेली. कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट वापरात होता हे त्यांच्याखेरीज कोणालाच सांगता येणार नाही, आणि त्यांची निवृत्ती जवळ आली आहे.

मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत स्वतंत्र विभाग मिळाला. कृतिदेव, श्रीलिपी किंवा योगेशला तसे स्थान कधीही मिळणार नाही, कारण त्या लिपी नव्हेतच. त्यांची कोष्टके ज्याच्या संगणकावर आहेत, त्याच्यापाशीच काय ती आहेत.